कास्तकार सटवाजीचं मत

...न्हाई तर काय! शेजारच्या किशनरावाला मत, त्याच्या दिवसभर चिलीम ओढणाऱ्या मेव्हण्याला मत, अन् पिंगळीत सात एकर ज्वारी पिकवणाऱ्या या सटवाजीला मत न्हाई. तुमाला सांगतो, खोटं कशाला बोलू, चूक माझीच हाय, पर ऐका तरी.

झालं असं, निजाम सरकारनं पैल्यांदाच आमची मतं घ्यायचं काढलं. दोनशे वर्सांत कुणी इचारलं न्हाई, बाबा तुझं काय म्हणणं हाय, अन् आता इचारायलेत... पर कसं? मत माणसाला न्हाई, धंद्याला! कास्तकारानं कास्तकार म्हणून द्यायचं, व्यापाऱ्यानं व्यापारी म्हणून. अन् हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई. तहसीलचा पेशकार, म्हंजे कारकून, आला, चावडीत टेकला, वही उघडली, 'क्या करते जी तुम? जमीन कितनी?' जणू मी धोतरात पोतंच लपवून आणलंय अशा आवाजात. आता मला सांगा, सरकारचा माणूस वही घेऊन येतो तो कशाला? लेव्हीचं, सक्तीच्या वसुलीचं धान न्यायला. दुसऱ्या कामाला आलेला तुमी कवा पायलाय का? मी हात जोडले. म्हणलं, 'काय न्हाई सायेब, बसून ऱ्हातो, जमीन कुठली, भाऊ खाऊ घालतो.' पटवारी आपलाच, खाली बघून सुपारी कातरत बसला. पेशकारानं लिवलं, बेकार. घरी येऊन बायकोला, नर्मदेला म्हणलं, वाचलो बग. खोटं कशाला बोलू, त्या दिशी मी मलाच लय हुशार वाटलो.

मताची यादी लागली तवा कळलं, ती वही मताचीच होती, अन् बेकाराला मत न्हाई. आजा सरकारला सलाम करत मेला, बाप तसाच मेला, अन् मला एकदा मोका आला तर मी माझ्याच तोंडानं... तसाच चालत परभणी गाठली, कचेरीत पेशकारापुढं उभा ऱ्हायलो, म्हणलं, सायेब, मी कास्तकार हाय, सात एकर, दोन बैल, खोटं कशाला बोलू, हे हात बगा. तो म्हणला, 'यादी तो बंद हो गई... लेकिन बोलो, बोलो, सात एकर?' लय मायेनं इचारलं, पाणी बी पाजलं, अन् समदं लिवून घेतलं, दुसऱ्याच वहीत.

मताच्या दिशी किशनराव धुतलेला पटका बांधून परभणीला गेला. मी दारात बसून त्याच्या पाठीकडं बघायलोय, तवर माझ्या दारात बी सरकार आलंच, रिकामी गाडी घेऊन, लेव्हीच्या ज्वारीला. पेशकारानं वही उघडून हाक मारली, 'कास्तकार सटवाजी कौन है?'

काय करता... मी ओ दिली.