घरपोच

पिशवी काउंटरवर नका ठेवू राखीवहिनी, खाली ठेवा — आणि काका दिसत नाहीत कुठे, असं हसून तर अजिबात विचारू नका. खरंच माहीत नाही तुम्हाला? तुमच्या सोसायटीच्या गेटसमोर माणूस पडला, वॉचमननं उचलून रिक्षात घातला, आणि तुम्हाला पत्ता नाही? असेल बाई. चौथ्या मजल्यावर खालचं कशाला ऐकू येतंय.

द्या ती यादी. तेल, अर्धा लिटर — अर्धाच? पाच लिटरचा कॅन नेणारं घर तुमचं! माझ्याकडून नाही म्हणा, हायवेवरच्या त्या मोठ्या मॉलमधून. चार वर्षं दर पहिल्या रविवारी तुमची गाडी या दुकानासमोरून जायची, जाताना काचा वर, येताना डिकी एवढी भरलेली की गाडी मागून बसलेली असायची. आणि माझ्याकडून काय न्यायचात? उदबत्ती. पाहुणे आले की पाव किलो साखर. एकदा तर नुसती सुतळी. तरी मी गुमान द्यायचे, कारण हे म्हणायचे, सिंधू, गिऱ्हाईक आहे, तोंड वाकडं करू नकोस.

मग पेट्रोल शंभरावर गेलं ते गेलंच. अमितभाऊंनी गाडीला कव्हर घातलं, कंपनीच्या बसनं जायला लागले, आणि तुम्हाला आमचा नंबर आठवला. एकट्या तुम्हाला नाही हो, चढावरच्या सगळ्या बिल्डिंगांना आठवला. काका, घरपोच देता ना? घरपोच! तुमचं पेट्रोल वाचलं — वाचवावंच, मीही वाचवते — पण ते वाचलं म्हणजे गेलं कुठं? यांच्या मोपेडमध्ये गेलं ना! तुम्ही दीड किलोमीटर यायचं नाही म्हणून हे दीड किलोमीटर जाणार, दिवसातून सात वेळा, आणि नेणार काय, तर एक बिस्किटचा पुडा आणि शांपूच्या चार पुड्या. त्यात सुटतं काय, सांगा. वर होलसेलवाल्यानं टेम्पोचं भाडं वाढलं म्हणून पोत्यामागं चाळीस वाढवले, मग मीच रविवार कारंजाच्या बाजारातून सिटी बसनं पिशव्या आणायला लागले. खांदा बघा कसा झालाय — नाही, राहू द्या, नका बघू.

मी म्हटलं यांना, शंभराच्या खाली घरपोच बंद करा. तर म्हणे, अगं, आत्ता कुठे आलेत आपल्याकडे, बंद केलं तर परत जातील. आनंद झाला होता हो त्या माणसाला! एकोणीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटदाराकडे राख उपसून हे दुकान टाकलं, आणि दिवसदिवस माशा मारत बसले होते. फोन वाजला की असे उठायचे, जसं लग्नाचं बोलावणं आलंय. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी चहा विचारतात, म्हणायचे. खरंच विचारायचात? तेवढं बरं केलंत.

मग एका सोमवारी मोपेडची चावी हरवली. हरवली म्हणजे — हरवली. तीन दिवस शोधली यांनी, पोती हलवली, गटारात हात घातला. चावीवाल्याला बोलावतो म्हणाले, तर मी म्हटलं, राहू द्या, उगाच दोनशे घेईल. मग काय, काढली सायकल. बासष्टाव्या वर्षी, मे महिन्यात, दहा किलो आटा कॅरिअरला बांधून तुमचा चढ! निम्म्यात उतरून ढकलत न्यायचे, मला दुकानातून दिसायचं.

त्या दिवशी तुमचाच आटा होता. लिफ्ट बंद, चार मजले पायी. परत येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तोवर फोन — तिखट राहिलं हो, तेवढं पाठवता का? मी उचलला होता, आठवतंय? मी म्हटलं, उद्या चालेल का? तुम्ही म्हणालात, पाहुणे बसलेत. यांनी माझ्या हातातून फोन घेतला, आणतो वहिनी, पाच मिनिटं. आणि तुमच्या गेटसमोर चक्कर येऊन सायकलखाली. खुब्याचं हाड मोडलं. वॉचमन सांगत होता, रिक्षात घालताना सुद्धा हेच — तेवढा पुडा चौथ्या मजल्यावर द्या. दिलाच असेल ना त्यानं वर? मग काका का नाही आले, हे विचारलंत त्याला? पाहुणे होते, हो. कळलं.

कळलं हो मला! तुम्हाला बोलून तरी काय करू? चावी तुरीच्या डब्यात होती. काय बघताय — मी घातली. मीच. पेट्रोलला रोज नोट काढून द्यायची म्हटलं की जीव जायचा माझा. वाटलं, गाडी नसली की हे जाणंच सोडतील, सांगतील तुम्हाला, गाडी बंद आहे. सायकल काढतील असं स्वप्नातही नव्हतं. मग सायकल काढली त्या दिवशी का नाही दिली चावी? तुम्ही नाही विचारणार, मीच विचारते रोज. पेट्रोल वाचत होतं. बरं वाटत होतं, म्हणून नाही दिली. झालं समाधान?

निकितानं नेलंय त्यांना वणीला, तिच्या सासरी. लेकीच्या सासरी पडून राहायची वेळ आली. मी? मी नाही गेले. सव्वीस दिवस झाले. निकिताला सांगते, दुकान आहे, गाडीभाडं परवडत नाही. बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, तिलाही माहीत आहे. ती सरळ फोन यांच्या कानाला लावते. परवा विचारत होते, चावी सापडली का गं?

काय? अमितभाऊ सोडतील? रविवारी कव्हर काढून, तुमच्या पेट्रोलनं, मला वणीला? आता निघते होय गाडी तुमची! नको मला. सीबीएस स्टँडवरून दिवसभर एसटीच्या गाड्या सुटतात वणीला, ऐकताय ना, दिवसभर सुटतात. मला जायचंच नाही. त्या माणसाच्या उशाशी बसून काय सांगू मी? — नाही, हात नका लावू. डोळे पुसा आणि तेल घ्या. पैसे राहू द्या तिथंच. आणि उद्यापासून जिथून आणायचात तिथूनच आणा, इथं फोन करू नका, मी उचलणार नाही. निघा आता, मागं गिऱ्हाईक उभं आहे.

कोणी नाही? नसू दे. निघा.