वापर शून्य

नाही, नाही, सही नंतर — आधी मला सांगा मॅडम, ह्या नव्या इमारतीच्या नकाशात माझं दालन कुठे आहे? जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीसमोरचं, लोक बसतात ते. हे? इथे तर कपाटं दाखवलीत! म्हणजे पुढची तीस वर्षं लोकांनी उभं राहायचं? काल एक बाई आली होती, नऊ दिवसांचं बाळ कुशीत, पोटाचे टाके ओले — तिला नव्या इमारतीत कुठे बसवू? कपाटात? सांगा की. तुमच्या नकाशात बायका नसतात, चौरस फूट असतात.

रागावू नका. पण 'पाहणीच्या दिवशी दालन रिकामे आढळले, वापर शून्य' — हे तुमच्याच माणसांनी लिहिलंय ना? अहो, रोज सकाळी दहाला तिथे पाय ठेवायला जागा नसते! मग नेमकं त्याच दिवशी रिकामं कसं? ऐका. तुमचं पत्र आलं आठ दिवस आधी — भरलेल्या खुर्च्या मोजू, तेवढी जागा देऊ. असं कुणी आधी कळवतं का? झालं, सगळी खाती कामाला लागली. बांधकामवाल्यांनी बागेतले माळी आणून बसवले, करवसुलीने दोन निवृत्त म्हातारे घरून बोलावले आणि पुढ्यात फायली उघडून ठेवल्या. पाणीपुरवठ्याचा ड्रायव्हर तर त्या दिवशी तीन मजल्यांवर तीनदा कारकून झाला — तुमची माणसं जिन्याने, हा लिफ्टने! शेवटच्या मजल्यावर एकाने त्याला विचारलं म्हणे, "तुम्हाला मघाशी खाली पाहिलं का हो?" हा म्हणतो, "भाऊ असेल." हसताय? हसा. त्या तिन्ही भावांना तुमच्या आराखड्यात टेबलं मिळालीत. तीस वर्षांसाठी!

आणि माणसं बसवायची तर खुर्च्या नकोत? त्या कुठून आल्या? माझ्या दालनातून. चाळीसच्या चाळीस नेल्या. नेल्या म्हणजे — दिल्या. मीच दिल्या. दालनाला कुलूप घातलं, बाहेर पाटी लावली, 'आज काम बंद'. प्रशासनाचे साहेब स्वतः खाली आले होते हो, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. नव्या इमारतीत तुमच्यासाठी खिडकीची खोली बघतो." एकोणतीस वर्षं जिन्याखाली बसतोय मी, मॅडम. दिवसभर डोक्यावरून चपला जातात. खिडकी म्हटल्यावर — आणि आहे की ती! दुसऱ्या पानावर बघा, खोली चौदा, पूर्वेला खिडकी. साहेब शब्दाचे पक्के! इमारत उभी राहायला चार वर्षं, आणि मी मार्चमध्ये निवृत्त. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मग त्या खिडकीत बसणार कोण, तुमचा फोटो?"

तर असं झालंय सगळं. म्हणून म्हणतो, माझी खोली काढा हवी तर, पण दालन परत घाला. फेरपाहणी करा. उद्या या, परवा या, न सांगता या, डोळ्यांनी बघा — काय? कारण लागेल? मग इतका वेळ मी काय सांगतोय तुम्हाला?

लेखी. कुणाचं, माझं? म्हणजे खुर्च्या मी दिल्या — कुलूपही? आणि साहेब काय म्हणाले तेही? खाली सही, हुद्दा, तारीख?

आणि तो कागद जाणार कुणाकडे? प्रशासनाकडूनच वर जाणार. म्हणजे साहेबांच्याच टेबलावर.

मार्चला सहा महिने राहिलेत, मॅडम. माझ्या पेन्शनचे कागदही त्याच टेबलावरून जायचेत.

द्या इकडे. नाही, तो कोरा नको — नकाशा द्या. इथे ना? हं. झाली. आता निघा तुम्ही, बाहेर लोक खोळंबलेत.