शेटच्या सिरीजमधली सही

आमच्या गावातल्या आंब्याच्या बागा ज्याने गोड बोलून लाटल्या, त्या शेटवर वेबसिरीज निघाली. फसलेल्या बागायतदाराचं काम दिग्दर्शकाने खरोखर फसलेल्या आमच्या बाळूकाकांनाच दिलं. प्रसंग एवढाच, की शेट कागद पुढे करतो आणि काका सही करतात.

कॅमेरा सुरू झाला की काका चष्मा लावून कागद वाचायला लागायचे. चार वेळा असं झालं. शेवटी दिग्दर्शकाने हात जोडले. "काका, वाचताय काय? कागद नावापुरता आहे. तुमचं काही जात नाही."

काकांनी पेन खाली ठेवलं. "शेटनंपण मला ह्येच सांगितलान."

मग पडद्यावर नुसता सही करणारा हात दाखवायचं ठरलं, आणि काकांची सही दिग्दर्शकानेच ठोकून दिली.