रंग गेला कुठे?

नाही, हात मागे घ्या. ओतणार मी — माझ्या पिंपातलं पाणी, माझ्या हातानं. तुमच्या बाटलीतलं मुळीच नको. हे बघा, आत्ताच सूत धुतलेलं पाणी, गडद किरमिजी, बोट बुडवलं तर नख रंगेल. ओतू? ओतलं. आता बघू तुमची ही नळी काय — थांबा. थांबा हं. खाली तर बिनरंगाचं येतंय. आत काय लपवलंय? नुसता कोळसा? अहो, कोळसा माझ्या भट्टीतही पडतो, त्यानं पाणी काळं होतं, गोरं नाही होत! काय म्हणता — करवंट्यांचा, वाफेवर भाजून बारीक बारीक छिद्रं पाडलेला, रंग त्यात जाऊन चिकटतो. चिकटतो म्हणजे कायमचा? नाही ना! भरला की संपला, मग काढा, परत पाठवा, पुन्हा भाजा. आणि रंग पक्का करायला आम्ही मीठ घालतो ते? ते पाण्यातच राहतं? वा!

मला एक सांगा, विकायला आलेला माणूस आपल्याच मालाची खोट अशी भडाभडा सांगतो? तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुम्ही विकायला आलेले नाहीच. कुणी पाठवलं? पलीकडच्या रंगाऱ्यानं? त्याला माझी भट्टी डोळ्यांत खुपते. कुणी नाही म्हणता — बरं, कुणी नाही.

पण मला नको हे. का म्हणजे? माझं पाणी, माझा ओढा, मी — बसा, उभे राहू नका, मान दुखते वर बघून. खाली ओढ्याकाठी माझी धाकटी बहीण राहते. बोलत नाही आम्ही. कशावरून ते सोडा, घरातली गोष्ट आहे. तर मागे तापानं मी आडवा झालो, भट्टी बंद, ओढ्याला अगदी नितळ पाणी. आणि धाकटी दारात! धापा टाकतेय, केस विस्कटलेले. इतक्या वर्षांनी! मला अंथरुणात बसलेलं बघितलं आणि म्हणाली, "आहेस होय?" बस्स. टेकली नाही, पाण्याचा घोट घेतला नाही, आली तशी गेली. मी विचार करत बसलो, हिला कळवलं कुणी? कुणीच नाही! ओढ्याला रंग आला नाही, म्हणून आली. म्हणजे रोज बघत असते ती — आज निळं, आज किरमिजी, म्हणजे दादा भट्टीवर आहे. आता तुमच्या कोळशातून पाणी असं कोरं सोडलं, तर तिला कळणार कसं सांगा बरं?

हसू नका. धूर आहे, डोळ्यांत जातो.

काय म्हणालात? तिच्या विहिरीचं पाणी?

विहिरीचं नाव मी काढलंच नव्हतं. ओढा म्हणालो मी, ओढा. विहीर तुम्हाला कुणी सांगितली? धाकटीनंच ना? भांडण झालं त्या दिवशी ती विहिरीतल्या गुलाबी पाण्याची कळशी घेऊन आली होती, तेही सांगितलं असेल. आणि मी सगळ्या कामगारांसमोर काय बोललो — "रंगाऱ्याच्या घरात वाढलीस, आता नाक मुरडतेस?" — तेही सांगितलंच असेल. नाही? तेवढं नाही सांगितलं?

मग काय म्हणाली? नीट आठवून सांगा, मनाचं घालू नका. "तो वरचा रंगारी" म्हणाली, की —

दादा म्हणाली.

नक्की? तुम्ही आपलं मला बरं वाटावं म्हणून तर — नाही. हं.

उठा. नळी राहू दे इथंच. तुमची ती कोळशाची मोठी टाकी कुठं बसवायची ते मी बघतो, भट्टीमागं जागा आहे. कोळसा संपत आला की बदलून द्यायचा, हयगय केलीत तर मला लगेच कळेल, मी रंगारी आहे. आणि तिला सांगा — नको. काही सांगू नका. पाणी कोरं जाणार, तर तिला कळायला मलाच जावं लागेल खाली. तुम्ही वाटेत दिसू नका म्हणजे झालं.

निघा म्हटलं ना.