गाडी दोन बोटे वर घेतल्याबाबत

नाव: खरे नाव साहेबांनी वेगळे लिहून घेतले आहे, गॅरेजात भडक्या म्हणतात. वय: एकवीस. शिक्षण: कॉलेज अर्धवट. धंदा: मेकॅनिक. राहणार: गॅरेजचा माळा.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील माळ्यावर राहतो व खालीच काम करतो. कॉलेज का सोडले असे विचारले असता सांगतो की, त्याचा या तक्रारीशी संबंध नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी त्याच सुमारास या गॅरेजात हिशेबाला लागली, त्याचाही या तक्रारीशी संबंध नाही. ती उस्तादांची भाची आहे. उस्ताद म्हणजे गॅरेजचे मालक.

फिर्यादी आमचे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्याकडे लाल स्पोर्ट्स कार आहे. कंपनीने ती मुळातच बसकी बनवली आहे, परंतु कंपनीला फारशी अक्कल नसल्यामुळे फिर्यादींनी स्प्रिंगा बदलून ती आणखी खाली बसवून घेतली. आता ती रस्त्यावरून जाते की रस्ता पुसत जाते हे लांबून कळत नाही. गतिरोधक आला की फिर्यादी गाडी तिरकी घेतात, मागे रांग लागते, आणि फिर्यादींना वाटते की लोक बघत आहेत. लोक बघतच असतात.

ही गाडी सर्व्हिसिंगला माझ्याकडे आली. ती लिफ्टवर सरळ चढत नाही, कारण लिफ्टचे हात तिच्या खाली शिरत नाहीत. चाकांखाली फळ्या सरकवून तिला नव्या नवरीसारखे हळूहळू आत आणावे लागते. ते सर्व केले. ऑइल बदलले, चाके काढून ब्रेक पाहिले. तेव्हा चालवणाऱ्याच्या शेजारच्या बाजूचे पुढचे टायर आतून ब्रेकच्या रबरी नळीला घासत असल्याचे दिसले. नळीला चर पडला होता. दुसऱ्या बाजूची नळी कोरी करकरीत होती.

याचा अर्थ विचारला असता सांगतो की, फिर्यादी एकटे बसले तर एवढे घासत नाही. शेजारी कोणी बसले की ती बाजू दबते. म्हणजे शेजारी रोज कोणीतरी बसत होते. कोण, ते मी गाडीला विचारले नाही. गॅरेज बंद झाल्यावर भाची कोणाच्या गाडीतून घरी जाते हे उस्ताद सोडून सर्वांना माहीत होते. आता उस्तादांनाही माहीत झाले.

मी फिर्यादींना फोन केला. “नळी बदलतो, पण गाडी दोन बोटं वर घ्यावी लागेल. नाहीतर नवी पण कापली जाईल.”

“वर घेतली की लूक जातो रे.”

“आणि ब्रेक गेले तर?”

“तू ऑइल बदल. डोकं चालवायचे पैसे नाही देत मी तुला.”

त्यांचे म्हणणे रास्त होते. म्हणून डोके मी फुकट चालवले. नळी बदलली आणि स्प्रिंगखालच्या चकत्या फिरवून गाडी दोन बोटे वर घेतली. उस्तादांना सांगितले नाही.

फिर्यादी गाडी न्यायला आले. चाकाच्या वर बोटे घालून त्यांनी माप घेतले आणि ओरडले, “ट्रॅक्टर केलास माझ्या गाडीचा!” मग भाचीला बाहेर बोलावून म्हणाले, “बघ तुमचा दीडशहाणा! जन्म गाडीखाली गेला, गाडी दिसते कशी हे याला काय कळणार?” मी टेबलावरची त्यांची किल्ली उचलून जळक्या ऑइलच्या पिंपात टाकली. किल्ली फिर्यादींनी स्वतः हात घालून काढली. त्यांचा शर्ट तोपर्यंत पांढरा होता.

येथे ठाण्यात उस्ताद व भाचीही आले आहेत. साहेबांनी मी आणलेली जुनी नळी टेबलावर ठेवली. भाचीने त्या चरातून नख फिरवले व फिर्यादींना विचारले, “याने तुला फोनवर सांगितलं होतं?”

“अगं, बिल वाढवायला हे लोक असंच सांगतात.”

मी हसलो. त्यावर ती माझ्याकडे वळली. “तू कशाला हसतोस? गाडी उचलायला हात आहेत तुला, मला एक शब्द सांगायला तोंड नव्हतं?”

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. फिर्यादी तिला सोडतो म्हणाले, ती नको म्हणाली. मी काही म्हणालो नाही, त्यामुळे मला नको म्हणण्याचा प्रश्न आला नाही.

उस्तादांनी मला कोपऱ्यात घेतले. “भडक्या, चुकून झालं म्हण. तो तक्रार मागे घेतोय. उद्या कामावर ये. नाहीतर माझं गिऱ्हाईक जाईल, आणि मग तूही जा, वळकटी घेऊन.” साहेबही म्हणाले, “पोरा, एक शब्द तर आहे.”

तरी सांगतो की, किल्ली मी रागाच्या भरात टाकली, त्याबद्दल फिर्यादींची माफी मागतो. गाडी रागात वर घेतलेली नाही. दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत, चारही चाकांना सारखी मोजून घेतली. पुन्हा आली तर पुन्हा घेईन. शेजारी कोणीही बसत असो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात गाडीच्या वाक्यात ‘चुकून’ असा शब्द निघाला. तो मी सांगितला नव्हता, साहेबांनी चांगल्या मनाने घातला असावा. तो मी खोडून बाजूला सही केली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. वळकटी आणण्यापुरते मला गॅरेजवर जाऊ द्यावे. ठाण्याच्या मागच्या दाराने जाईन, बाहेरच्या बाकासमोरून जायला लावू नये.