थांबल्यावर विझणारा दिवा

पंक्चर झालेलं चाक घेऊन रेन्स्के स्नेक गावातल्या सायकलच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं. त्यांची रेलून चालवायची तीनचाकी सायकल दारातच ऐसपैस पसरली होती.

"गुडघे गेले म्हणून ही घेतली, वीबे, आता दिवा तरी धड घे. जमिनीला टेकून बसतोस, गाडीवाल्याला दिसणार कसा?"

"झेंडा लावलाय की."

"अंधारात झेंडा कुणाला दिसतोय, डोंबल!"

"काका, हा घ्या," दुकानातल्या पोराने एक दिवा पुढे केला. "उजेड लांबवर पडतो, पण समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही."

"सायकल थांबली की विझतो का?"

"छे! थांबलात तरी चालूच राहतो."

"मग नको."

"ऐकलंस, पोरा? प्रत्येक दुकानात हेच. अरे, विझणारा दिवा काय कामाचा?"

"आपले जुने डायनॅमोवरचे विझायचे, सीत्स्के. टायरला घासून कुरकुरायचे आणि चाक थांबलं की गप्प."

"त्याचं काय एवढं कौतुक?"

"बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडला की आपण थांबायचो. तुझा दिवा विझायचा, माझा विझायचा. तुझा भाऊ पाळत ठेवायला मागून यायचा ना, त्याचाही विझायचा."

रेन्स्के हातातल्या चाकाच्या तारा निरखू लागली.

"...पोरा, याला बंद करायचं बटण आहे का रे?"

"आहे, काकू. पण रस्त्यात बंद कशाला करायचा?"

"दोन दे. एक माझ्या सायकलीला."