माडीवरचे पाहुणे

शैलश्री : सात वेळा, अप्पा. माडीवरच्या त्या पाहुण्या मुलीनं रिव्ह्यूत मोजून लिहिलंय. 'मालकांनी एका दुपारीत सात वेळा दार वाजवलं.'

चनमल्लप्पा : सात न्हाई, सहा. एक डाव तर मी जिन्यावरनंच हाक मारलो.

शैलश्री : सहा तरी कशाला?

चनमल्लप्पा : आता बघ. पयल्यांदा पाण्याचा तांब्या दिलो. भांडं इसरलो, म्हणून दुसऱ्यांदा. मग करंट गेला, ते सांगायला गेलो.

शैलश्री : करंट गेलेला तिला कळला नसता का?

चनमल्लप्पा : गेलेला कळला असंल की. पर कवा येतो ते तिला काय म्हाईत? ते सांगायला गेलो. मग आला, तवा आला म्हणून सांगायला गेलो.

शैलश्री : अप्पा!

चनमल्लप्पा : पोरगी इथल्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसात इंटरव्ह्यूला आलती. पुस्तकात डोकं घालून बसलती. डोकं चालावं म्हणून च्या नेलो. ह्यात माझं काय चुकलं?

शैलश्री : चहा ठेवून खाली यायचं होतं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि तिला तुमच्या आळंदच्या कापडदुकानाची गोष्ट सांगितली. तेही लिहिलंय तिनं. 'पाऊण तास.'

चनमल्लप्पा : ती ऐकायलती की. हूं हूं म्हणायलती.

शैलश्री : दुसरं काय म्हणणार ती? मी इथं पुण्यात बसून ॲपवर तुमच्या खोल्या दाखवते, लोक येऊन हे वाचतात आणि पुढच्या घरावर जातात.

चनमल्लप्पा : किती चांदण्या दिली?

शैलश्री : दोन. पाचातल्या दोन. आणि त्याला स्टार म्हणतात.

चनमल्लप्पा : जाताना पाया पडली गं ती माझ्या. दोन चांदण्या द्यायच्या होत्या तर पाया कामून पडली?

शैलश्री : चांगल्या घरची असेल. अप्पा, चिडून नका बोलू, मी तुमच्याच बाजूनं आहे. या महिन्यात किती लोक आले?

चनमल्लप्पा : ही पोरगी. आन् ते धारवाडचे मास्तर, एक रात्र.

शैलश्री : आणि आपलं काय ठरलंय?

चनमल्लप्पा : म्हाईत हाय मला.

शैलश्री : सांगा तरी.

चनमल्लप्पा : दिवाळीपतोर बघायचं. माडीवरच्या खोल्या चालल्या तर मी कडगंचीला, माझ्या घरात. न्हाई चालल्या तर घराला कुलूप आन् मी पुण्याला, तुमच्या सातव्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोरच्याचं वाळत घातलेलं धोतर.

शैलश्री : आमच्या समोर कुणीही धोतर नेसत नाही.

चनमल्लप्पा : मग काय असंल ते.

शैलश्री : मला हौस आहे का तुम्हाला तिथून उपटून आणायची? गेल्या श्रावणात तापानं तीन दिवस अंथरुणावर होतात. एकटे. पाणी द्यायला कुणी नाही. शेजारचे नागेशअण्णा विजेचं बिल द्यायला आले म्हणून कळलं, नाहीतर काय झालं असतं? तेव्हापासून मला धड झोप नाही. खोल्या काय पैशासाठी काढल्या आपण? घरात माणसांची जाग राहावी, कुणीतरी असावं म्हणून.

चनमल्लप्पा : तेच तर मी म्हणायलो. कुणीतरी असावं.

शैलश्री : मग ते येतील असं वागा ना! आता ॲपवरचे हे खोल्यांचे फोटो बघा. कुणी काढलेत?

चनमल्लप्पा : नागेशनं. चांगलं हाईत की.

शैलश्री : प्रत्येक फोटोत तुम्ही उभे आहात.

चनमल्लप्पा : मग?

शैलश्री : खाटेशेजारी तुम्ही. कपाटापाशी तुम्ही. बाथरूमच्या फोटोत नळाला हात लावून तुम्ही. टोपी घालून!

चनमल्लप्पा : नळाला पाणी हाय ते दाखवायला नको? आन् माणसानं कुणाच्या घरी जायचं म्हणल्यावर घर कुणाचं ते बघायला नको का? दुकानात तीस वर्सं बसलो मी. गिऱ्हाईक आधी माझं तोंड बघायचं, मग कापड.

शैलश्री : इथं उलटं आहे. लोकांना खोली बघायची असते, रिकामी. आपलं सामान तिथं ठेवलेलं त्यांना मनात दिसलं पाहिजे. उद्या नागेशअण्णांना परत फोटो काढायला सांगा. चादर पांढरी, खिडकी उघडी, आणि तुम्ही फोटोत नाही.

चनमल्लप्पा : बरं. मी नको.

शैलश्री : दुसरं. फाट्यावर स्कूटर घेऊन उभं राहायचं नाही. धारवाडच्या सरांनी लिहिलंय, बस उशिरा आली आणि मालक दोन तास उन्हात उभे होते, मला फार अवघडल्यासारखं झालं.

चनमल्लप्पा : उन्हात मी उभारलो, अवघडलं तेंला!

शैलश्री : तिसरं, जेवण.

चनमल्लप्पा : जेवणाचं काय बोलू नको तू. भाकरी न्हाई विकायचा मी. बसवण्णाचं नाव घेतो घरात.

शैलश्री : विका कुठं म्हणते? वाढूच नका. तुम्ही पैसे घेत नाही म्हणून त्यांना नाही म्हणता येत नाही. मग ते तुमच्यासमोर बसून शेंगाची चटणी संपवतात, आणि संपली की तुम्ही परत वाढता.

चनमल्लप्पा : एकट्याला घास उतरत न्हाई, शैला.

शैलश्री : भाकरी रोज करता ना पण?

चनमल्लप्पा : चार भाकरी करतो मी अजून. हात सवयीनं चारच थापतो. दोन खातो, दोन गाईला.

शैलश्री : मला कळतंय, अप्पा.

चनमल्लप्पा : तुझी अव्वा असताना मी बोललो कवा? तीच बोलायची. सकाळी चुलीपासनं सुरू व्हायची, मी आपला हूं म्हणायचो. बेचाळीस वर्सं हूं म्हणलो. आता ती गेली आन् मला बोलायला यायलंय. सारखं यायलंय. कुणाला हूं म्हणायला लावू?

शैलश्री : माझ्याशी बोला ना. मी फोन करते की.

चनमल्लप्पा : रविवारी. तुझी भाजी फोडणीला टाकेपतोर.

शैलश्री : असं नका बोलू.

चनमल्लप्पा : राग न्हाई, बाई. तुला बी संसार हाय. सांग, अजून काय करायचं ते. लिहून घेतो.

शैलश्री : कुलूप पाठवलंय मी. नंबरचं. जिन्याच्या दाराला लावायचं. पाहुण्यांना नंबर मी इथून कळवते. ते येतील, नंबर दाबून वर जातील, जायच्या दिवशी तसेच निघतील. सरुबाई झाडलोट करून जाईल. तुम्हाला बघायलाच नको.

चनमल्लप्पा : आल्यावर हात जोडून शरणार्थी पण म्हणायचं न्हाई?

शैलश्री : समोर आले तर म्हणा. मुद्दाम समोर जाऊ नका.

चनमल्लप्पा : आन् दार?

शैलश्री : दार अजिबात वाजवायचं नाही. काही झालं तरी. त्यांना हवं असेल तर ते सांगतील. वचन द्या.

चनमल्लप्पा : दिलो. न्हाई वाजवायचा.

(दीड महिन्यानंतर. रविवार सकाळ, पुन्हा फोन.)

शैलश्री : अप्पा, दिवाळीपर्यंत सगळं भरलं! दोन्ही खोल्या. एकही दिवस रिकामा नाही. लोक विचारतायत तर मला नाही म्हणावं लागतंय.

चनमल्लप्पा : व्हय? चांगलं झालं.

शैलश्री : आवाज का बसलाय?

चनमल्लप्पा : तुरीला औषध मारायलेत सगळीकडं. घशात गेलं असंल.

शैलश्री : गरम पाणी प्या. आणि ऐका, मी ह्यांच्याशी बोलले. घराला कुलूप लावायचा विषय संपला. तुम्ही राहा तिथं, निवांत. आता घरात रोज माणसं आहेत, माझा जीव थाऱ्यावर आहे. रात्री झोपते मी आता.

चनमल्लप्पा : झोप बाई. माणसं हाईत. वर चालल्याली ऐकू येत्यात. मागल्या हप्त्यात एक जण होता, त्याचा डावा पाय जड पडायचा. म्हातारा असंल वाटलं. जाताना बघितलो तर पोरगंच होतं, पाठीला ही मोठी बॅग.

शैलश्री : बोललात का त्याच्याशी?

चनमल्लप्पा : न्हाई गं. खिडकीतनं बघितलो. चपला जिन्याखाली काढत्यात ना, त्यावरनं कळतं कोण आलं, कोण गेलं. आता गेले ते नवरा-बायको होते, एक लेकरू होतं. लेकराच्या बुटात लाईट. पाऊल टाकलं की लाल, पाऊल टाकलं की लाल. पडल्या पडल्या दिसायलतं मला.

शैलश्री : दिवसा पडून होतात?

चनमल्लप्पा : जरा. लेकरासाठी बिस्किटाचा पुडा आणून ठेवलतो मी, ते यायच्या आदल्या दिवशी. तू फोनवर चिठ्ठी पाठवलतीस ना, तीन जण येणार, एक लहान.

शैलश्री : दिलात?

चनमल्लप्पा : मागितलं न्हाई त्यानं. तसाच हाय फळीवर.

शैलश्री : अहो, बिस्किटं दिली असती तर काय...

चनमल्लप्पा : वचन दिलतो ना. खोकला आला की मी उशीत तोंड घालायचो. वर आवाज जायला नको, लेकरू निजलेलं असायचं.

शैलश्री : खरंच सुधारलात हो तुम्ही. आणि आता खरी बातमी ऐका. त्याच लोकांचा रिव्ह्यू आलाय आज सकाळी. पाच स्टार, अप्पा! आपल्या घराला पहिल्यांदा पाच मिळाले.

चनमल्लप्पा : पाचच्या पाच चांदण्या?

शैलश्री : पाचच्या पाच. वाचू?

चनमल्लप्पा : वाच की. थांब, जरा उठून बसतो. हां. वाच.

शैलश्री : 'अतिशय स्वच्छ आणि शांत जागा. खिडकीतून शेतं दिसतात. मुलाला फार आवडली. सगळ्यांत चांगली गोष्ट म्हणजे कुणाचा काहीही त्रास नाही. मालक तीन दिवसांत एकदाही दिसले नाहीत. घर जणू आपल्याच मालकीचं वाटलं. पुन्हा नक्की येऊ.' अप्पा? ऐकताय ना?

चनमल्लप्पा : हूं.

शैलश्री : खूश नाही झालात? अहो, ह्याच्यावर अजून किती तरी लोक येतील. पण मला सांगा, तीन दिवस एकदाही दिसला नाहीत म्हणजे कुठं गेला होतात? मादन हिप्परग्याला, आत्याकडं?

चनमल्लप्पा : कुठं न्हाई. घरीच होतो.

शैलश्री : तीन दिवस? मग अंगणात तरी...

चनमल्लप्पा : उठवत नव्हतं गं.

शैलश्री : म्हणजे? अप्पा, ताप आला होता का? अप्पा. खरं सांगा. ताप होता तुमच्या अंगात?

चनमल्लप्पा : उतरला आता. काल रात्री घाम आला.

शैलश्री : तीन दिवस! आणि वर माणसं होती! सरुबाई?

चनमल्लप्पा : ती पाहुणे गेल्यावर येती झाडायला.

शैलश्री : मग वर हाक मारायची! पाणी मागायचं! मला फोन करायचा! माणसं होती ना अप्पा वर, तीन माणसं होती, तुमच्या डोक्यावर...

चनमल्लप्पा : रडू नको. एका रात्री लई तहान लागली, तवा जिन्यापतोर गेलतो मी. भिंत धरून गेलो. वर दिवा होता. लेकरू हासायलतं.

शैलश्री : मग?

चनमल्लप्पा : मग काय न्हाई. पायरीवर बसलो जरा, ऐकत. आन् आलो माघारी.

शैलश्री : अप्पा...

चनमल्लप्पा : दार न्हाई वाजवलो, शैला. एकदा बी न्हाई.